स्त्रियांच्या आइस हॉकीचे जागतिक अजिंक्यपद : पस्तीस वर्षांचा आढावा

प्रास्ताविक

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मैदान, चेंडू आणि ध्यानचंदांचे नाव उभे राहते. कॅनडात किंवा फिनलंडमध्ये मात्र या शब्दाला कोणतेही विशेषण लावावे लागत नाही. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकीच. सुमारे 60 मीटर लांब आणि 26 ते 30 मीटर रुंद असा बर्फाचा रिंक, त्याच्या सभोवार कठडे, पायांत धारदार पात्यांचे बूट घातलेले प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू, त्यांतला एक गोलरक्षक, आणि चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची घट्ट रबराची चकती, जिला ‘पक’ म्हणतात. इतक्या सामग्रीनिशी वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत हा खेळ पुरा होतो, आणि बरोबरी झालीच तर महत्त्वाच्या सामन्यांचा निकाल जादा वेळेत किंवा पेनल्टी फटक्यांवर लावला जातो.

स्त्रियांच्या या खेळाचे जागतिक अजिंक्यपद 1990 साली सुरू झाले आणि 2025 अखेर त्याच्या 24 स्पर्धा पार पडल्या. त्यांपैकी 13 कॅनडाने आणि 11 अमेरिकेने जिंकल्या. तिसऱ्या कोणत्याही देशाच्या नावावर एकही सुवर्णपदक नाही, आणि या दोघांखेरीज तिसरा देश अंतिम सामन्यात उतरला तो एकदाच, 2019 साली. हा तपशील दोन ओळींत मावतो, परंतु त्यातून उद्भवलेला वाद तीन दशकांत मिटलेला नाही. ज्या स्पर्धेचे विजेतेपद दोनच देशांच्या अंगणात फिरत राहते तिला जागतिक म्हणावे काय, म्हणायचे असेल तर बाकीच्या देशांना वर आणण्याची जबाबदारी कोणाची, स्पर्धेची रचना कशी असावी, नियम पुरुषांचेच असावेत की निराळे, आणि ज्या खेळाडूंच्या कष्टावर ही स्पर्धा उभी आहे त्यांच्या उपजीविकेची तरतूद कोणी करावी, असे हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांची पार्श्वभूमी, त्यांवरील निरनिराळे पक्ष आणि अद्याप अनिर्णित राहिलेले मुद्दे क्रमाने मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

स्त्रियांनी बर्फावर हॉकी खेळण्याची परंपरा या स्पर्धेहून शंभर वर्षांनी जुनी आहे. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली, ज्यांनी 1892 साली देऊ केलेला चषक आज पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीतील सर्वोच्च मान समजला जातो, त्यांची कन्या इझोबेल ही 1890 च्या आसपास ओटावा येथील सरकारी निवासस्थानाच्या रिंकवर आपल्या मैत्रिणींसह खेळत असे. आणि 1930 च्या दशकात ऑन्टारिओ प्रांतातील प्रेस्टन रिव्ह्युलेट्स या संघाचा दबदबा एवढा होता की त्याचा पराभव ही दुर्मीळ गोष्ट मानली जाई. दुसऱ्या महायुद्धाने ही परंपरा खंडित केली. युद्धानंतर रिंकची वेळ, शिक्षक आणि पैसा हे सारे मुलांकडे वळले, आणि ज्या मुलीला खेळायचे असेल तिच्यासाठी बहुतेक गावांत संघच उरला नाही.

त्या काळाचे चित्र एका प्रसंगात स्वच्छ दिसते. 1955–56 च्या हंगामात टोरांटोतील मुलांच्या एका लीगमध्ये ॲब हॉफमन नावाचा एक बचावपटू चांगलाच गाजत होता. केस आखूड, आणि गणवेश घरूनच चढवून येण्याचा शिरस्ता, त्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. पुढे निवडक खेळाडूंचा संघ बांधण्यासाठी जन्मदाखले तपासण्याची वेळ आली, तेव्हा कागदावर मुलाच्या जागी नऊ वर्षांची ॲबिगेल हॉफमन निघाली. हीच मुलगी पुढे धावपटू म्हणून चार ऑलिंपिकमध्ये कॅनडाची प्रतिनिधी झाली. तिच्या अंगच्या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण तेव्हाही नव्हते, अडसर होता तो दाखल्यावरील एका शब्दाचा.

1970 नंतर मुलींचे संघ पुन्हा उभे राहू लागले आणि 1987 साली टोरांटोजवळील नॉर्थ यॉर्क येथे फ्रॅन रायडर यांच्या पुढाकाराने एक जागतिक स्पर्धा भरवण्यात आली. आंतरराष्ट्रीय महासंघाची अधिकृत मान्यता तिला नव्हती, आणि संघ पुरेसे भरावेत म्हणून कॅनडाबरोबर ऑन्टारिओ प्रांताचाही वेगळा संघ उतरवावा लागला. तरीही हा खेळ अनेक देशांत रुजला असल्याची साक्ष या स्पर्धेने दिली, आणि आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने तीन वर्षांच्या आत पहिली अधिकृत स्पर्धा भरवण्यास मंजुरी दिली.

ओटावा, 1990

ती पहिली स्पर्धा मार्च 1990 मध्ये ओटावा येथे आठ संघांत झाली. कॅनडाच्या संघाला त्याच्या परिचित लाल रंगाऐवजी गुलाबी व पांढऱ्या रंगाचा गणवेश देण्यात आला होता. संयोजकांचा हेतू लोकांचे लक्ष वेधावे हा होता आणि तो सफल झाला, कारण आठवडाभर ओटावा शहराने तो रंग उचलून धरला. परंतु राष्ट्रीय संघाला राष्ट्राचा रंग का नाकारावा, असा आक्षेपही तेव्हापासूनच घेतला जातो. स्त्रियांचा खेळ लोकांसमोर आणताना त्याला खेळ म्हणून मांडावे की नवलाई म्हणून, हा पुढील सर्व वादांच्या मुळाशी असलेला प्रश्न पहिल्याच स्पर्धेत असा कापडावर उमटलेला दिसतो.

अंतिम सामना पाहण्यास 8,784 प्रेक्षक जमले. अमेरिकेने आरंभी दोन गोलांची आघाडी घेतली. नंतर कॅनडाने पाच गोल करून सामना 5–2 असा जिंकला. त्यांतला जेराल्डिन हीनी हिचा गोल आजही आवर्जून दाखवला जातो. बचावपटू असूनही ती एकटीच पुढे घुसली, समोरच्या खेळाडूला चकवले, आणि गोलरक्षकाच्या अंगावरून हवेत झेपावत असतानाच पक जाळ्यात धाडला. मात्र याच स्पर्धेत कॅनडाने जपानवर 18–0 आणि पश्चिम जर्मनीवर 17–0 असे विजय मिळवले होते, ही गोष्टही त्या गोलाइतकीच इतिहासाचा भाग आहे. त्या आठवड्यात फक्त फिनलंडने उपांत्य सामन्यात कॅनडाला 6–5 असे झुंजवले.

सत्तेचे दोन कालखंड

स्पर्धेच्या इतिहासाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. 1990 ते 2004 या काळातील आठही स्पर्धा कॅनडाने जिंकल्या, आणि आठही वेळा अंतिम सामन्यात समोर अमेरिकाच होती. 2005 साली स्वीडनमध्ये अमेरिकेने गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टी फटक्यांवर ही मालिका तोडली, आणि तेथून 2025 पर्यंतच्या सोळा स्पर्धांपैकी अकरा तिने जिंकल्या, पाच कॅनडाने.

या दोन प्रतिस्पर्ध्यांमधील चुरस किती तीव्र आहे याचा दाखला असा की, त्यांच्यातील 23 अंतिम सामन्यांपैकी 10 सामन्यांचा निकाल नियमित वेळेत लागू शकला नाही. 2012 साली बर्लिंग्टन येथे पहिल्याच दिवशी अमेरिकेने कॅनडाचा 9–2 असा धुव्वा उडवला, आणि आठवड्याभरात त्याच कॅनडाने अंतिम सामना जादा वेळेत 5–4 असा जिंकला. 2021 मध्ये मारी-फिलिप पुलँ हिने, 2024 मध्ये डॅनिएल सर्डाखनी हिने कॅनडासाठी, आणि 2025 मध्ये चेस्के बुद्येयोवित्से येथे टेसा जानेकी हिने अमेरिकेसाठी जादा वेळेत निर्णायक गोल केला. म्हणजे शिखरावरचा खेळ अत्यंत उच्च दर्जाचा आणि अनिश्चिततेने भरलेला आहे, याविषयी मतभेद नाही. मतभेद आहे तो शिखर आणि त्याखालचा उतार यांच्यातील अंतराविषयी.

पहिला प्रश्न : अंतर मिटेल काय?

या अंतराची सर्वांत कठोर नोंद जागतिक स्पर्धेबाहेर झाली. 2008 च्या सप्टेंबरात ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत स्लोव्हाकियाने बल्गेरियावर 82–0 असा विजय मिळवला, आणि तोच स्लोव्हाकिया 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून 18–0 असा हरला. तेव्हाचे ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष जॅक रॉग यांनी व्हँकुव्हर येथेच सुनावले की, खेळाला वाढीसाठी अवधी देणे योग्य असले तरी सुधारणा न होता हे असेच अनंत काळ चालू राहू शकणार नाही. 2005 साली सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून वगळण्याचा ठराव झालेला होता, त्यामुळे हा इशारा पोकळ आहे असे कोणी मानले नाही.

यावर एक पक्ष इतिहासाचा आधार घेतो. त्याचे म्हणणे असे की, पुरुषांच्या हॉकीलाही हीच बाल्यावस्था होती. 1924 च्या शामोनी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या पुरुषांनी स्वित्झर्लंडला 33–0 असे हरवले, आणि 1949 च्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पहिल्या ऑलिंपिक सामन्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, डेन्मार्कला 47–0 असे. तरी त्या खेळाला ऑलिंपिकमधून काढावे असे कोणी सुचवले नाही. जो अवधी पुरुषांच्या खेळाला न मागता मिळाला तो स्त्रियांना मुदत बांधून का द्यावा, असा या पक्षाचा प्रश्न आहे, आणि तो न्याय्य आहे.

दुसरा पक्ष संख्येकडे व संस्थांकडे बोट दाखवतो. अमेरिका व कॅनडा या प्रत्येक देशात नोंदलेल्या स्त्री-खेळाडूंची संख्या कित्येक हजारांच्या घरात जाते, तर फिनलंडसारख्या हॉकीप्रेमी देशातही ती त्यांच्या लहानशा अंशाइतकीच भरते. अमेरिकेत 1972 च्या शिक्षणविषयक समानतेच्या कायद्याने विद्यापीठांना मुलींच्या खेळांसाठी तरतूद करणे भाग पडले, 2001 पासून विद्यापीठांचे राष्ट्रीय अजिंक्यपदही सुरू झाले, आणि शिष्यवृत्ती, रिंक, प्रशिक्षक व नियमित सामने असा पूर्ण संसार त्या खेळाडूंना मिळाला. या पक्षाच्या मते अवधी नुसता जाऊ देऊन काही साधत नाही. त्याचा पुरावा म्हणून चीनचे उदाहरण दिले जाते. 1994 व 1997 च्या जागतिक स्पर्धांत आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये चीन चौथा आला होता. परंतु मूठभर खेळाडूंवर उभा असलेला तो संघ, ती पिढी निवृत्त होताच, पहिल्या श्रेणीतून खाली उतरला. मागून येणारी दुसरी फळी तयार नव्हती, एवढेच त्याचे कारण.

तिसरा पक्ष दोघांच्या मधला आहे, आणि तो म्हणतो की अंतर मोजण्यासाठी सुवर्णपदकाऐवजी कांस्यपदकाकडे पाहावे. ते आजवर उत्तर अमेरिकेबाहेरील फिनलंड, स्वीडन, रशिया, स्वित्झर्लंड व चेकिया या पाच देशांनी मिळवले आहे. फिनलंडकडे अशी पंधरा पदके आहेत. 2022 साली चेकियाने पहिले पदक मिळवले आणि पुढच्या वर्षी ते राखले. त्या संघाच्या अनेक खेळाडू अमेरिकन विद्यापीठांत घडलेल्या होत्या आणि प्रशिक्षक कार्ला मॅकलाउड या कॅनडाच्या माजी खेळाडू. 2010 नंतर महासंघाने अनुभवी खेळाडूंना इतर देशांच्या संघांकडे मार्गदर्शक म्हणून पाठवण्याची योजना आखली, तीही याच विचाराने.

एस्पो, 14 एप्रिल 2019

हे अंतर एका संध्याकाळी जवळजवळ नाहीसे झाले होते, आणि तो प्रसंग विस्ताराने सांगण्यासारखा आहे. फिनलंडमधील एस्पो येथे यजमान संघाने उपांत्य सामन्यात कॅनडाचा 4–2 असा पराभव केला आणि स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच तिसरा देश अंतिम सामन्यात उतरला. गोलरक्षक नूरा राटी हिने त्या अंतिम सामन्यात अमेरिकेचे पन्नास फटके अडवले. नियमित वेळ 1–1 अशी संपली. जादा वेळेत पेट्रा निएमिनेन हिने परतलेला पक जाळ्यात मारला. फिन खेळाडूंनी हातमोजे व काठ्या हवेत भिरकावून एकच ढीग केला, आणि प्रेक्षागृहात वर्षानुवर्षे साठलेला आनंद उसळला. मग पंच चित्रफितीच्या फेरतपासणीसाठी गेले. दहा मिनिटांहून अधिक काळ सारे बर्फावर तिष्ठत राहिले. गोल होण्यापूर्वी फिनलंडची कर्णधार येन्नी हिरीकोस्की अमेरिकन गोलरक्षकाला धडकली होती, तेव्हा गोलरक्षणात अडथळा आला, असा फैसला देऊन गोल बाद करण्यात आला. आणि त्याच धडकेबद्दल गोलरक्षकालाही पाय अडकवल्याची शिक्षा झाली. खेळ पुन्हा सुरू झाला आणि पेनल्टी फटक्यांवर अमेरिका 2–1 अशी जिंकली.

या निर्णयावर आजही दोन मते आहेत. गोलरक्षकाच्या क्षेत्रातील संपर्काविषयीचा नियम स्पष्ट आहे आणि पंचांनी तो लावला, असे एक मत. ज्या धडकेत गोलरक्षकाचाही दोष मानला गेला तिच्या आधारे गोल नामंजूर करणे विसंगत आहे, असे दुसरे. निकाल बदलला नाही. मात्र अंतर दुर्लंघ्य आहे असे म्हणणाऱ्यांना त्या संध्याकाळची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

दुसरा प्रश्न : स्पर्धेची रचना

पूर्वी संघांचे गट साधारणतः समबळ केले जात, त्यामुळे प्रत्येक गटात एक बलाढ्य संघ आणि दोन-तीन दुर्बळ संघ येत व एकतर्फी निकालांची रास पडे. 2012 पासून ही वहिवाट बदलण्यात आली. क्रमवारीतील वरचे संघ एका गटात आणि खालचे दुसऱ्या गटात असे विभाजन झाले. 2019 पासून संघांची संख्या दहा झाली, आणि वरच्या गटातील पाचही संघ व खालच्या गटातील तीन संघ उपांत्यपूर्व फेरीत जाऊ लागले.

या रचनेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, तुल्यबळ संघ एकमेकांशी खेळल्याने सामने रंगतात, दुर्बळ संघाला पहिल्या दिवसापासून अपमान सोसावा लागत नाही, आणि जिंकण्याची सवय लागल्यावाचून कोणताही संघ मोठा होत नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, वरच्या गटात सर्व सामने हरलेला संघही बाद फेरीत जातो, म्हणून प्राथमिक सामन्यांना अर्थ उरत नाही. आणि खालच्या गटातील देशांना बलाढ्य संघांशी खेळण्याची जी संधी मिळायची तीच हिरावली जाते. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. रचनेने एकतर्फी निकालांची संख्या घटवता येते हे खरे; खेळाडूंच्या कसबातील तफावत मात्र गट बदलल्याने घटत नाही.

तिसरा प्रश्न : धडकेचा नियम

पुरुषांच्या हॉकीत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धडक देऊन त्याला पकपासून दूर करणे हा खेळाचा कायदेशीर भाग आहे. त्याला बॉडीचेक म्हणतात. 1990 च्या स्पर्धेत स्त्रियांनाही ती मुभा होती, परंतु त्यानंतर महासंघाने तिला मनाई केली. खेळाडूंच्या शरीरयष्टीत व तयारीत मोठी तफावत असताना धडक धोक्याची ठरेल, आणि मुलींना व त्यांच्या पालकांना ती खेळापासून परावृत्त करील, हे त्यामागील कारण.

बंदीचे समर्थक सांगतात की, तिच्यामुळे स्त्रियांच्या हॉकीला स्वतःची शैली लाभली. वेग, पासांची आखणी आणि काठीवरचे प्रभुत्व यांना तेथे अधिक वाव आहे. विरोधक उत्तर देतात की, बंदी असूनही कठड्याजवळ टक्कर होतेच, खेळाडू जखमी होतातच, आणि कोणता संपर्क वैध व कोणता अवैध हे प्रत्येक पंच आपापल्या मताने ठरवतो, त्यामुळे धक्का घेण्याचे व देण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मात्र कोणालाच मिळत नाही. 2022 मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च लीगने नियंत्रित धडकेला परवानगी दिली, आणि उत्तर अमेरिकेतील नव्या व्यावसायिक लीगनेही पूर्वीपेक्षा अधिक शारीरिक खेळ मान्य केला. परिणामी आज एकच खेळाडू हिवाळाभर एका नियमाखाली खेळते आणि जागतिक स्पर्धेत दुसऱ्या. हा दुहेरी अंमल फार काळ चालणे कठीण आहे.

चौथा प्रश्न : उपजीविका

15 मार्च 2017 रोजी, मायदेशी भरणाऱ्या जागतिक स्पर्धेस सोळा दिवस उरले असताना, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाने आपण खेळणार नाही असे जाहीर केले. खेळाडूंचे म्हणणे असे होते की, ऑलिंपिकच्या आधीचे सहा महिने दरमहा 1,000 डॉलर एवढाच मोबदला त्यांना मिळतो आणि उरलेल्या वर्षांत जवळजवळ काहीच नाही. राष्ट्रीय संघटनेने बदली संघ उभा करण्याची खटपट केली. विद्यापीठांतील व शाळांतील खेळाडूंनीही मोठ्या संख्येने नकार कळवला. 28 मार्चला चार वर्षांचा करार झाला, प्रवास व विमा यांत पुरुषांच्या बरोबरीची व्यवस्था कबूल करण्यात आली, आणि त्याच संघाने अंतिम सामन्यात कॅनडाला जादा वेळेत 3–2 असे हरवले. 2019 मध्ये स्वीडनचा संघ इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीतून खाली गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथील खेळाडूंनी मोबदला व सोयी यांच्या मागणीसाठी राष्ट्रीय संघाचे निमंत्रण नाकारले. या दोन घटनांचा सांधा उघड आहे.

2019 मध्येच कॅनडातील स्त्रियांची लीग पैशाअभावी बंद पडली. पुढील चार वर्षे फाटाफुटीत गेल्यावर 1 जानेवारी 2024 रोजी प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग सहा संघांनिशी सुरू झाली. खेळाडूंच्या संघटनेशी आधीच झालेल्या करारान्वये किमान वार्षिक वेतन 35,000 डॉलर ठरले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये माँट्रियल येथे एका सामन्यास 21,105 प्रेक्षक आले, आणि पुढे व्हँकुव्हर व सिअ‍ॅटल येथील संघ धरून संघांची संख्या आठ झाली.

या लीगचा जागतिक स्पर्धेवर काय परिणाम होईल, याविषयी दोन तर्क आहेत. एक असा की, युरोपातील उत्तम खेळाडू तेथे वर्षभर उच्च दर्जाचे सामने खेळतील व आपापल्या देशांना वर आणतील. दुसरा असा की, संघ सारे उत्तर अमेरिकेत, बहुसंख्य खेळाडू कॅनडा व अमेरिकेच्या, तेव्हा लाभही मुख्यतः त्यांचाच होईल, आणि युरोपातील लीग आपले उत्तम खेळाडू गमावून बसतील. निर्णायक पुरावा मिळण्याइतके हंगाम अद्याप झालेले नाहीत.

पाचवा प्रश्न : वेळापत्रकातील स्थान

स्पर्धेचा दर्जा कळतो तो अडचणीच्या काळात. सार्सच्या साथीमुळे 2003 ची बीजिंग येथील स्पर्धा रद्द झाली, आणि 2020 ची नोव्हा स्कोशियातील स्पर्धा कोविडमुळे. 2021 ची स्पर्धाही तेथेच ठरली होती, पण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये संघ प्रवासास निघण्याच्या बेतात असताना तेथील प्रांतिक सरकारने स्पर्धेची परवानगी काढून घेतली. खेळाडूंनी जाहीर नाराजी व्यक्त केल्यावर ती ऑगस्टमध्ये कॅल्गरी येथे भरली. त्याच वसंतात पुरुषांची स्पर्धा रीगा येथे ठरलेल्या वेळी पार पडली, ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागली. सरकारचा हुकूम सार्वजनिक आरोग्यासाठी होता हे खरे. पण पर्यायी व्यवस्था आधीच का तयार नव्हती, हा प्रश्नही रास्त होता.

ऑलिंपिकच्या वर्षी स्त्रियांची पहिल्या श्रेणीची स्पर्धा तहकूब ठेवण्याचा जुना शिरस्ता मात्र 2022 साली डेन्मार्कमध्ये मोडला गेला, आणि 2025 च्या स्पर्धेने एकूण प्रेक्षकसंख्येत 2007 च्या विनिपेगचा उच्चांक ओलांडला, तोही उत्तर अमेरिकेबाहेर. याच्या उलट बाजूला रशिया व बेलारूस यांचा प्रश्न आहे. 2022 पासून ते स्पर्धेबाहेर आहेत, आणि तीन कांस्यपदके मिळवलेला रशियाचा संघ परत कधी व कोणत्या अटीवर यावा, याविषयी एकमत नाही.

आशिया आणि आपण

या चर्चेत भारताचा उल्लेख केवळ देशाभिमानापोटी येत नाही. वर मांडलेले सारे प्रश्न आपल्या संघाच्या वाट्याला सर्वांत उघड्या स्वरूपात आले आहेत. बहुतांशी लडाखच्या व काही स्पितीच्या मुलींचा हा संघ 2016 साली तैपेई येथे प्रथम आंतरराष्ट्रीय सामने खेळला. 2017 मध्ये बँकॉक येथे फिलिपिन्सवर 4–3 असा त्याचा पहिला विजय झाला, आणि त्या प्रवासाचा खर्च भागवण्यासाठी लोकवर्गणीही गोळा करावी लागली होती. 2018 च्या जानेवारीत कॅनडाची थोर खेळाडू हेली विकेनहायझर स्वतः लडाखला येऊन या मुलींबरोबर खेळली. 2025 मध्ये अल ऐन येथील आशिया चषकात भारताने कांस्यपदक मिळवले.

समारोप

पस्तीस वर्षांचा जमाखर्च मांडला असता तीन गोष्टी सिद्ध झाल्या आहेत असे म्हणता येते. स्पर्धेचे शिखर जगातील कोणत्याही क्रीडास्पर्धेच्या तोडीचे आहे. दुसऱ्या फळीतील देश एकमेकांच्या फार जवळ आले असून क्वचित शिखरालाही हात लावतात, आणि 2025 मध्ये फिनलंड व चेकिया यांच्यातील कांस्यपदकाचा सामनाही जादा वेळेतच सुटला. आणि जेथे मुलींना वर्षभर रिंक, प्रशिक्षक व चरितार्थाची हमी मिळाली तेथे प्रगती झाली, जेथे ती काढून घेतली गेली तेथे घसरण. अनिर्णित राहिले ते असे : गटांची रचना कायम ठेवावी की नाही, धडकेच्या नियमात एकवाक्यता कशी आणावी, व्यावसायिक लीगचा लाभ दोन देशांपलीकडे कसा पोचवावा, आणि रशियाचे स्थान काय.

या सर्वांचा विचार करता प्रस्तुत लेखकाचे मत असे की, स्पर्धेला जागतिक म्हणावे की नाही याचा निवाडा स्पर्धेच्या दहा-बारा दिवसांत शोधणे चूक आहे. तो उरलेल्या साडेतीनशे दिवसांत होतो. ज्या वाचकांना हा खेळ पाहण्याची संधी मिळेल त्यांनी अंतिम सामन्याबरोबर उपांत्यपूर्व फेरीचे आणि कांस्यपदकाचे सामने अवश्य पाहावेत. खेळ किती पसरला याचे खरे माप तेथे मिळेल. आणि ते माप घेताना एवढे ध्यानात ठेवावे की, अल ऐन येथे पदक मिळवणाऱ्या संघातील बहुतेक मुली हा खेळ शिकल्या त्या डिसेंबरअखेर धरणाऱ्या आणि फेब्रुवारी सरता सरता वितळणाऱ्या, जेमतेम दोन महिन्यांच्या नैसर्गिक बर्फावर.